अधिकातल्या तेहतीस जागा

तेहतीस जागा शोधायच्या, प्रत्येक जागा स्वतः जाऊन डोळ्यांनी बघायची आणि महिना संपायच्या आत यादी लेकाकडे पाठवायची, असा संकल्प मंदाकिनीबाईंनी अधिक ज्येष्ठाच्या पहिल्या दिवशी सोडला. पळीतलं पाणी ताम्हनात पडलं आणि पेपरामागून हरिहरराव म्हणाले, "कसल्या जागा? घर घ्यायचंय का कुठे?"

मंदाकिनीबाई काही बोलल्या नाहीत, कारण दुपारच्या नैवेद्यापर्यंत मौन हे त्याच संकल्पातलं दुसरं कलम होतं. तिसरं, एकवेळ जेवण. चौथं, महिनाभर खोटं बोलायचं नाही. हे चौथं त्यांनी अगदी सहज घातलं होतं. डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहून दोन वेळा विष्णुसहस्रनाम म्हणणाऱ्या बाईला खोटं बोलायची संधी मिळतेच किती? पण व्रत घेतलं की देव परीक्षा घेतो, आणि तीही आपण ज्या विषयाचा अभ्यास केलेला नाही त्याच विषयाची.

बाराला नैवेद्य झाला, तेव्हा त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. सलिलचा आदल्या संध्याकाळी फोन आला होता. सलिल लिस्बनला एका प्रवास-कंपनीत कामाला. जगातल्या मोठमोठ्या राजधान्यांमध्ये गे प्रवाशांनी कुठे राहावं, कुठे जेवावं, कुठे निवांत बसावं, याच्या तिथल्याच रहिवाशांनी केलेल्या शिफारशी ती कंपनी छापते. मुंबईच्या पानाला माणूस मिळत नव्हता. "आता तूच दे शिफारशी, आई," असं सलिल हसत म्हणाला होता.

"देते," मंदाकिनीबाई म्हणाल्या होत्या.

"अगं, गंमत केली मी."

"अधिक महिना लागतोय उद्या. तेहतीस देते."

मग सलिल जरा घाईने म्हणाला होता की तो आणि केदार जूनमध्ये मुंबईत येतायत, सहा दिवस, हॉटेलातच उतरतील. डोंबिवलीला यायला जमेलसं वाटत नाही.

ते सहा दिवस आणि ते 'वाटत नाही' मंदाकिनीबाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. (मासा त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता, पण शेजारच्या वर्णनांवरून त्यांना कल्पना होती.) चार वर्षांपूर्वी ह्याच हॉलमध्ये सलिलने त्यांना सांगितलं होतं की केदार हा नुसता मित्र नाही. मंदाकिनीबाईंना काय बोलावं सुचलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, "बरं. जेवलास का?" आणि उठून कुकर लावला होता. त्या विषयावर पुढे एक अक्षर नाही. सलिल तिसऱ्या दिवशी गेला, तो परत आला नाही. त्याने त्या गप्प राहण्याचा अर्थ नकार असा लावला असणार. त्यांनी स्वतः काय लावला होता, हे त्यांनाही धड ठाऊक नव्हतं. ही यादी नीट झाली नाही, तर तो पुन्हा काही मागणार नाही, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

हरिहररावांनी सगळं ऐकून घेतलं. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस. त्यांना एकच शंका आली.

"राजधानी दिल्ली आहे."

"ती देशाची. आपली मुंबई."

"हां. मग ठीक." आणि त्यांनी पट्टी घेऊन फुलस्केपवर रकाने आखायला सुरुवात केली. अनुक्रमांक. ठिकाण. दोन पुरुषांस निवांत बसता येते काय. कोणी विचारते काय. प्रसाधनगृह. प्रत्यक्ष पाहणी दिनांक. शेरा.

*

पहिली गडबड पाचव्या दिवशी झाली. भजनी मंडळ नीरजाताईंकडे जमलं होतं. नीरजाताई समोरच्या दारात राहतात, मंडळाच्या अध्यक्ष आहेत, आणि त्यांच्यापासून काही लपवायचं म्हणजे त्यांना आधी भूल द्यावी लागते.

"मंदाताई, रोज दुपारी दोघं फाइल घेऊन कुठे जाता हो? कोर्टाचं काही?"

"सलिलच्या कामाचं आहे. मुंबईत पाहुण्यांनी कुठे जावं, ते बघतोय."

"कोण पाहुणे?"

"दोन पुरुष असतात."

"मग काय बघायचंय त्यात! पुरुष कुठेही जातात. खायला सांगा. मित्र-मित्र ना?"

इथे एक साधा होकार पुरला असता. मंदाकिनीबाईंच्या तो जिभेवर आलाही. पण चौथं कलम आडवं आलं. त्यांचा आवाज मुळातच हळू, तो आणखी खाली गेला. "मित्र नव्हेत. जोडपं असतं. सलिल आणि केदार आहेत ना, तसं."

अकरा बायका, अकरा टाळांच्या जोड्या, आणि चिटपाखराचा आवाज नाही. नीरजाताईंच्या हातातला पन्ह्याचा पेला मध्येच थांबला. मंदाकिनीबाईंनी डोळे मिटून पुरुषोत्तमाचं नाव घेतलं आणि वीस वर्षांच्या शेजाराला मनातल्या मनात निरोप दिला.

"अहो, मग त्यांना खायला काय सांगताय?" नीरजाताई म्हणाल्या. "जोडपं म्हणजे बसायला जागा नको? आमचं लग्न ठरलं तेव्हा ह्यांच्याकडे आठ माणसं, आमच्याकडे अकरा. ठाण्यात तलावपाळीवर जावं तर सासर तिथेच कोपरीत, रोज कुणीतरी चुलतसासरा तळ्याला फेरी मारताना दिसायचाच. शेवटी आम्ही मुंबईला राणीच्या बागेत जायचो. पिंजऱ्याच्या अगदी जवळच्या बाकावर बसायचं. लोक प्राण्यांकडे बघतात, आपल्याकडे नाही."

"आम्ही एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर," कोपऱ्यातून आवाज आला. "हातात जाड पुस्तक धरायचं. परीक्षेचं वाटतं."

"बाणगंगेला तिन्हीसांजेआधी कुण्णी नसतं. हे मला तिथेच पहिल्यांदा..." असं म्हणून मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी एकदम थांबल्या आणि त्यांनी टाळ वाजवला.

त्या दिवशी भजन झालं नाही. चौदा जागा झाल्या. मंदाकिनीबाई लिहून घेत होत्या आणि थक्क होत होत्या. ह्या बायकांबरोबर त्यांनी वीस वर्षं टाळ कुटला, हळदीकुंकवाला वाण लुटलं, एकमेकींच्या लेकी-सुनांची बाळंतपणं केली; पण ह्यातल्या प्रत्येकीला एके काळी ह्या एवढ्या अफाट राजधानीत हात हातात धरायला हातभर जागा हवी होती, आणि ती शोधून तिने चाळीस वर्षं मनात जपली होती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. विचारलंच नव्हतं ना कुणी.

घरी येताना जिन्यात नीरजाताईंनी त्यांचा दंड धरला. "सलिलचं मला माहीत नव्हतं हो. सांगायचंत तरी."

"मलाच बोलता येत नव्हतं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. तेही खरंच होतं.

*

आता सगळ्या जागा प्रत्यक्ष बघणं आलं. राणीच्या बागेत पाणघोड्यासमोर दोघं तासभर बसली. शेरा: 'सावली उत्तम. कोणी विचारत नाही. पाणघोडा तोंड उघडतो तेव्हा दचकू नये.' एशियाटिकच्या पायऱ्यांवर त्यांनी जाड पुस्तक म्हणून दासबोध नेला. शेरा: 'पायऱ्या दुपारी तापतात. बसकर न्यावे.' एका इराण्याच्या हॉटेलात, मौन सुटल्यावर, त्यांनी गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला सरळच विचारलं की दोन पुरुष, म्हणजे जोडपं, आलं तर चालतं का. म्हातारा चष्म्यावरून बघत म्हणाला, "बाई, दर शनिवारी दोन सायेब येतात, तेरा वरस झाली. एक बनमस्का, अर्धा-अर्धा. एकाला साखर चालत नाय, दुसरा त्याच्या चहात चमचा घालू देत नाय. अजून काय चालायचं बाकी ऱ्हायलं?"

हे त्यांनी शेऱ्यात जसंच्या तसं लिहिलं.

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर मात्र त्या काही लिहू शकल्या नाहीत. शेजारी दोन तरुण बसले होते. ऑफिसच्या पिशव्या, सुटलेले टाय. वाऱ्याने एकाच्या चष्म्यावर खारे थेंब आले. दुसऱ्याने तो काढून घेतला, आपल्या शर्टाच्या टोकाने पुसला, उजेडाकडे धरून बघितला, पुन्हा पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवून दिला. बोलण्यात खंडही पडला नाही. बोलत होते ते कसल्याशा भाडेकराराबद्दल.

मंदाकिनीबाईंना आरतीच्या वेळी येतात तसे शहारे आले. एवढ्या ह्या समुद्रापुढे, एवढ्या माणसांत, कुणाचं काही अडत नव्हतं. चार वर्षं त्या देवापुढे बसून लेकाचं कसं होणार म्हणून विचारत होत्या, आणि उत्तर इथे कठड्यावर पाय सोडून बसलेलं होतं.

हरिहररावांनीही ते पाहिलं असावं. त्यांनी आपला चष्मा काढून बायकोच्या पुढे धरला.

"तुम्हाला काय झालं?"

"माझ्यावर पण उडालंय."

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचा चष्मा पहिल्यांदा पुसला.

*

हॉटेलचं प्रकरण मात्र फजितीचं. सलिलने जे हॉटेल ठरवलं होतं तेच तपासावं, असं मंदाकिनीबाईंच्या मनात आलं. पण तिकडे लवकर जाणाऱ्या ओळखीच्यांची गाडी मिळाली, आणि दोघं सव्वाअकरालाच जाऊन थडकली. मौन सुटायला पाऊण तास. म्हणून मंदाकिनीबाईंनी वही काढून स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि स्वागतकक्षातल्या मुलीपुढे धरलं: 'दोन पुरुष. एक खोली. एक पलंग. चालेल का? कोणी विचारते काय?'

मुलीच्या छातीवर 'पायल' अशी पट्टी होती. तिने वही वाचली. नऊवारीतल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेल्या, एक शब्द न बोलणाऱ्या बाईंकडे बघितलं. मग मागे उभ्या असलेल्या हरिहररावांकडे, त्यांच्या काखेतल्या लाल नाडीच्या फाइलकडे आणि त्यातून डोकावणाऱ्या रकान्यांकडे बघितलं. आणि ती आत पळाली.

मॅनेजर कोटाची बटणं लावत बाहेर आला. "सर, आधी कळवलं असतं तर... या, या. मॅडम, लिंबूपाणी?"

मंदाकिनीबाईंनी मान हलवून नाही म्हटलं. मॅनेजरचा चेहरा उतरला. लिंबूपाणी न घेणारे अधिकारी त्याने आजवर बघितले नसावेत.

पुढचा अर्धा तास त्यांना ते हॉटेल तळघरापासून गच्चीपर्यंत दाखवण्यात आलं. आग विझवायची नळकांडी दाखवली, पाण्याची टाकी उघडून दाखवली, परवाने काढून दाखवले. मंदाकिनीबाई खुणेने 'अहो, सांगा ना' म्हणत होत्या. हरिहरराव त्यांच्याकडे बघतच नव्हते. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी त्यांच्यापुढे कुणीतरी फाइल उघडत होतं. त्यांनी दोन परवान्यांच्या तारखा उजेडात धरून वाचल्या आणि "हं" म्हणाले. त्या 'हं'ने मॅनेजरला घाम फुटला.

"सर, आमच्याकडे तसलं काही चालत नाही! दोन पुरुष एका पलंगावर तर अजिबातच नाही!" तो अजिजीने म्हणाला.

नेमके तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. नैवेद्य घरी राहिला होता. मंदाकिनीबाईंनी पदराच्या गाठीतले दोन बेदाणे मनोमन देवाला दाखवले आणि त्या बोलल्या. आवाज नेहमीसारखाच, ऐकायला पुढे वाकावं लागेल असा.

"आम्ही अधिकारी नाही हो. मी आई आहे."

मॅनेजरने हरिहररावांकडे बघितलं. हरिहररावांनी परवाना खाली ठेवला आणि "मी बाबा," असं पुटपुटले.

"माझा मुलगा आणि त्याचा जोडीदार तुमच्याकडे उतरणार आहेत," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "त्यांना इथे कुणी दुखवेल का, एवढंच बघायला आले होते. नाही चालत म्हणालात. बरं. तसं लिहिते."

मॅनेजर परवाने गोळा करू लागला. दाराशी पायलने त्यांना गाठलं.

"आई, ते सर घाबरून बोलले. चालतं. खूप येतात. दोन पलंगांची खोली मागतात, आणि सकाळी बघावं तर एकच वापरलेला असतो. दुसऱ्याची चादर ते स्वतःच चुरगळून ठेवतात, आम्हाला कळू नये म्हणून. आम्ही काही बोलत नाही. दोन्ही चादरी बदलतो." मग म्हणाली, "तुमच्या मुलाला सांगा, चादर चुरगळायची गरज नाही. माझी ड्युटी असते."

मंदाकिनीबाईंनी तिच्या हातावर ते दोन बेदाणे ठेवले. गाडीत बसल्यावर त्या बराच वेळ त्या न वापरलेल्या चादरीचाच विचार करत होत्या. कुठून कुठून माणसं येतात, विमानं बदलून. आणि सकाळी उठून पहिलं काम काय, तर रिकामा पलंग चुरगळायचा. सलिलनेही चुरगळला असेल. ह्या घरातून निघाल्यापासून किती पलंग, देव जाणे.

*

जूनच्या पहिल्या आठवड्यात बत्तीस जागा पुऱ्या झाल्या. कोरा फुलस्केप हवा म्हणून मंदाकिनीबाईंनी नवऱ्याचं कपाट उघडलं, तर त्यांच्या हाताला एक पातळ फाइल लागली. वर वळणदार अक्षरात: 'सलिल – संकीर्ण'. आत एकच कागद. सात सप्टेंबर दोन हजार अठराच्या पेपरातलं पहिलं पान. दोन पुरुषांनी एकमेकांवर प्रेम करणं हा गुन्हा नाही, असा सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिल्याची बातमी. समासात लाल शाईने 'पाहिले' आणि सही.

सलिलने सांगितलं त्याच्या चार वर्षं आधीची तारीख.

"अहो, तुम्हाला माहीत होतं?"

हरिहरराव चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. "माहीत म्हणजे... आवक नोंद नव्हती. पण कागद येणार, असं वाटत होतं. म्हटलं, तयारीत असावं."

"मग मला का नाही बोललात?"

"तू देवाशी बोलत होतीस. मध्ये कसं बोलायचं?"

मंदाकिनीबाई कपाटाला टेकून खाली बसल्या. एका घरात दोन माणसं एकाच गोष्टीबद्दल वर्षानुवर्षं गप्प राहतात, आणि दोघांनाही वाटतं की आपणच तेवढे गप्प आहोत! त्यांना रागही आला, पण त्याहून जास्त त्या फाइलचं नवल वाटलं. केवढी माया! आणि तीही नाडी बांधून कपाटात.

"तेहतिसावी जागा आपलं घर," त्या म्हणाल्या.

"पाहणी करावी लागेल," हरिहरराव म्हणाले. नियम म्हणजे नियम.

त्यांनी केली. दोन पुरुषांस निवांत बसता येते काय? सलिलच्या खोलीत दोन लोखंडी खाटा, दोन भिंतींना, मध्ये शिलाई मशीन. नापास. कोणी विचारते काय? सर्व विचारतात. नापास. तेहतीस जागांपैकी सगळ्यात वाईट शेरा मंदाकिनीबाईंच्या स्वतःच्या घराला मिळाला. त्यांच्या स्वाभिमानाला हे फार लागलं. ज्या घरात तीस वर्षं विकतची दळलेली हळदही आली नाही, ते घर पाणघोड्याच्या बाकाखाली!

मशीन गॅलरीत गेलं. खाटा एकत्र आल्या. मधल्या फटीवर जाड गादी आली. राहिला दुसरा प्रश्न, विचारणाऱ्यांचा. सोसायटीत मुक्कामी पाहुणा यायचा तर दोन दिवस आधी फॉर्म भरावा लागतो. हा नियम सेक्रेटरी कुंडलिकराव ह्यांचा. कुंडलिकरावांनी आयुष्यात दोनच गोष्टींवर निस्सीम प्रेम केलं, त्यातली एक म्हणजे रबरी शिक्का आणि दुसरी नियमावली. फॉर्मवर रकाना होता: 'पाहुण्याचे सभासदाशी नाते'.

मंदाकिनीबाईंनी पेन उचललं. 'मित्र' लिहिलं तर खोटं. 'ओळखीचे' तर त्याहून खोटं. बराच वेळ विचार करून त्यांनी लिहिलं: जावई.

"वहिनी," कुंडलिकराव फॉर्म उलटसुलट करत म्हणाले, "तुम्हाला मुलगी कुठाय?"

"नाही."

"मग जावई?"

"मुलाचा."

कुंडलिकरावांनी नियमावली उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. पार्किंगबद्दल होतं, कुत्र्यांबद्दल होतं, ह्याबद्दल काही नव्हतं. "मनाई तर दिसत नाही," ते शेवटी म्हणाले, आणि नियमात नाही ते अडवता येत नाही, ह्या तत्त्वाचा माणूस असल्याने त्यांनी शिक्का मारला. जरा जास्तच जोरात.

*

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं. मंदाकिनीबाई दार लावून बसल्या होत्या. बेल वाजली. नीरजाताई आणि त्यांच्या मागे अख्खं मंडळ.

"मंदाताई, हे बरोबर नाही," नीरजाताई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या.

मंदाकिनीबाईंनी दाराची कडी घट्ट धरली.

"अधिक महिन्यात जावई येतोय, आणि वाणाची काही तयारी नाही? तेहतीस अनारसे लागतात! पीठ तरी भिजवलंय का?"

मग जो गोंधळ सुरू झाला तो विचारू नका. जावयाला नारायण मानून अधिकाचं वाण द्यायचं, हे सगळ्यांना मान्य. पण मुलाचा नवरा जावई की सून, ह्यावर दोन तट पडले. सून म्हटलं तर वाण नाही, ओटी. ओटी भरायची तर कुठे? केदारच्या शर्टात? एकीने गुरुजींना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि रेंज नसल्याचं सांगितलं.

शेवटी ठमाबाई बोलल्या. ही बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे एके काळी त्यांचं भाताचं शेत होतं. त्यामुळे वादात शेवटचा शब्द त्यांचा, हा इथला अलिखित नियम. "काय गो तुमी बाया! आपला पोरगा ज्याला घरान घेऊन आयला, त्यो जावय. बाई हाय का बाप्या, त्याचा अनारश्याला काय कलतंय? वान द्या नि मोकल्या व्हा."

पीठ नीरजाताईंकडे तयार होतं, त्यांच्या पुण्याच्या जावयासाठी. त्याला साखरेचा त्रास निघाला होता. दुसऱ्या दिवशी कढई चढली. पहिला अनारसा तुपात पडला आणि हसला, म्हणजे विरघळून चाळणीसारखा पसरला. दुसरा हसला. नववाही हसला. मंदाकिनीबाईंना वाटलं, देव सांगतोय. त्या सकाळच्या मौनात होत्या. नुसते डोळे भरून आले.

"देव नाय गो, पीठ सैल हाय," म्हणत ठमाबाईंनी त्यांना बाजूला सारलं, मूठभर कोरडं पीठ मळून घेतलं आणि खसखशीची बाजू वर ठेवून पुढचे तेहतीस असे तळले की एकाची जाळी दुसऱ्यापेक्षा कमी नाही.

"पण येणार आहेत ना नक्की?" नीरजाताईंनी मौन सुटल्यावर विचारलं.

खोटं बोलायचं नव्हतं. "माहीत नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

यादी गेली होती. तेहतिसाव्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं: 'डोंबिवली पूर्व, दुसरा मजला. खोली एक. पलंग दोन होते, जोडले आहेत. चादर चुरगळायची गरज नाही. कोणी विचारते काय: हो, सगळे. उत्तर देऊन ठेवले आहे. प्रत्यक्ष पाहणी: बाकी.'

सलिलचं त्यावर काही उत्तर आलं नाही. दोघं मुंबईत उतरले, एवढा निरोप आला. एक दिवस गेला. दुसरा गेला. अनारसे डब्यात होते.

शनिवारी सकाळी सव्वाअकराला गॅलरीत तुळशीला पाणी घालताना मंदाकिनीबाईंनी खाली बघितलं, आणि तांब्या त्यांच्या हातात तसाच राहिला. गेटाशी रिक्षा. सलिल. कानशिलाला थोडे पांढरे केस. शेजारी निळ्या शर्टातला, उंच, वाकून पिशव्या उतरवणारा. गेटावर कुंडलिकराव रजिस्टर घेऊन उभे; त्यांचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत पोचतो.

"नाव?"

"केदार."

"कोणाकडे? नातं काय?"

केदारने सलिलकडे बघितलं. किती ठिकाणी, किती काउंटरांवर दिलेलं उत्तर असेल ते; आपसूकच आलं. "मित्र," तो म्हणाला.

"चुकीचं सांगू नका," कुंडलिकरावांनी रजिस्टर त्याच्यापुढे वळवलं आणि बोट ठेवलं. "आधीच भरलेलं आहे. शिक्का पण झालाय. नुसती सही करा."

केदारने वाचलं. सलिलने त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं. मग सलिलने मान वर केली, थेट गॅलरीकडे.

जिन्यात पावलं वाजली तेव्हा दारात मंडळ, ठमाबाई, चांदीच्या ताटात अनारसे, वर दिवा. आणि मध्ये मंदाकिनीबाई. साडेअकरासुद्धा वाजले नव्हते. अठ्ठावीस दिवसांचं मौन, एकदाही न मोडलेलं. सलिल उंबऱ्याबाहेर थांबला. आई काहीच बोलत नव्हती. चार वर्षांपूर्वीही ती अशीच बोलली नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटायला लागलं.

मंदाकिनीबाईंनी देव्हाऱ्याकडे एकदा बघितलं. देव तिथेच होता. कुठे जाणार?

"दोघं जेवलात का रे?" त्या म्हणाल्या.

"अहो, मौन!" नीरजाताई ओरडल्या.

"ऱ्हावू दे गो," ठमाबाई म्हणाल्या. "लय झाला."

सलिलने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. त्याच्या मागे केदार, नीरजाताईंनी हातात दिलेलं तेहतीस अनारशांचं ताट घेऊन उभा, दिव्याची ज्योत विझू नये म्हणून श्वास रोखून. त्याच्या चष्म्यावर दिव्याची काजळी धरली होती. हरिहरराव पुढे झाले, त्यांनी तो हलकेच काढून घेतला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, उजेडात धरून बघितला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला. मग फाइल उघडून, उभ्या उभ्या, तेहतिसाव्या ओळीत आजची तारीख घातली.